विळीला धार कोण लावायचं?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाकडे कैरीच्या लोणच्याचं काम आलं. 150 किलो कैरी आणि घरोघरच्या विळ्या-सुऱ्या, सगळ्या बोथट. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की हात सटकतो. दुसऱ्याच दिवशी एकीच्या अंगठ्याला टाके पडले. मग गटाच्या पैशातून धार लावायचं विजेचं छोटं यंत्र आणलं. खाचेतून दोन-तीनदा ओढली की सुरी तयार. विळी मात्र त्या खाचेत जाईचना! पातं वाकडं, वर पाटाला ठोकलेलं. गटातल्या आजी म्हणाल्या, "यंत्र करणाऱ्यानं विळी बघितलेली दिसत नाही."

तेव्हा आम्ही विचारू लागलो, आधी ही धार लावायचं कोण?

आपल्या नगरचा इतिहास म्हटला की निजामशाही, किल्ला, चांदबिबी. इथे 1549 साली ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. तोफेचं नाव सगळ्यांना ठाऊक, विळी घडवणाऱ्याचं कुणालाच नाही. तलवारींना धार आणि चकाकी द्यायचं काम शिकलगारांचं. 'सैकल' म्हणजे अरबीत चकाकी. राज्यं गेली, 1878 च्या कायद्यानं हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. शिकलगारांच्या साणेवर मग तलवारींच्या जागी कात्र्या-सुऱ्या आल्या. साण म्हणजे लाखेत कुरुंद दगडाची पूड कालवून केलेलं चाक. इंग्रजीतला 'कोरंडम' शब्दही आपल्याकडच्या कुरुंदाचाच. 1891 च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केलं आणि पुढे कारखान्यातली चाकं आली. सायकलवर चाक फिरवत दारोदार येणारा धारवाला तुम्हीही पाहिला असेल.

खेड्यात मात्र घिसाडी यायचे. गावाबाहेर पाल, सोबत भाता आणि ऐरण. नाव घिसण्यावरून पडलं म्हणतात. नवरा तापलेलं लोखंड सांडशीत धरून बसायचा, लहान हातोडीनं जागा दाखवायचा. उभं राहून घण घालायची ती बायको. पोर जवळच झोळीत. पुस्तकात लोहार म्हटलं की चित्र पुरुषाचंच असतं, याचा आम्हाला राग येतो. आमच्या आज्या धान्य देऊन विळी, खुरपं शेवटून घ्यायच्या. घिसाडी पुन्हा येईपर्यंत उंबऱ्याचा दगड होताच, नाहीतर कपाचं बूड. त्या बुडाच्या कडेला चकाकीचा थर नसतो, ती खरखरीत राहते, म्हणून तिच्यावर सुरी घासली की लागते.

आमची एक विळी आम्ही वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरवर लावून आणली. ठिणग्या छान उडाल्या, पण पात्याची कड निळी पडली. लोहार पातं लाल करून विझवतो, त्याला पाणी देणं म्हणतात. वेगानं फिरणाऱ्या चाकावर ते तापून 300 अंशांच्या आसपास गेलं की निळं पडतं आणि पाणी उतरतं. ती धार आठवडाभरही टिकली नाही. चाकावर पातं धरायचंच असेल, तर क्षणभर टेकवून उचलावं आणि मध्ये मध्ये पाण्यात बुडवावं.

शेवटी आठवडी बाजाराजवळ उतरलेल्या एका घिसाडी ताईंकडे गेलो. त्यांनी सगळ्या विळ्या पाटावरून उतरवल्या, पाती शेवटली, पाणी दिलं, पुन्हा ठोकून दिल्या. आमचं यंत्र हातात घेऊन पाहिलं, सुरीवरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाल्या, "सुरीला ठीक आहे."

आम्ही म्हटलं, ताई, आमच्या गटात या. त्यांनी विचारलं, "पत्ता कुठला लिहू?"

पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घेतला आहे.