नाणी तोलणारा गणिताचा मास्तर

आमच्या धंद्यात नवीन माणूस भेटला की नाव विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला. "तुझं डोमेन काय?" बँकिंग, टेलिकॉम, रिटेल, काहीतरी एकच सांगायचं. दोन सांगितली की समोरचा जरा संशयाने बघतो. तीन सांगितली तर याला कुठलंच धड येत नाही असं धरून चालतो.

या हिशेबाने दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा रेझ्युमे एचआरच्या पहिल्या चाळणीतच अडकला असता. गणित, संख्याशास्त्र, जनुकशास्त्र, नाणेशास्त्र, संस्कृत हस्तलिखितं, पुरातत्त्व आणि शेवटी ज्यासाठी जग त्यांना ओळखतं तो प्राचीन भारताचा इतिहास. बहुतेकांना 'मार्क्सवादी इतिहासकार' एवढंच माहीत असतं. मलाही कॉलेजात तेवढंच माहीत होतं. ते गणिताचे प्राध्यापक होते हे कळल्यावर मला वाटलं, असेल बुवा, दिवसा गणित आणि संध्याकाळी छंद म्हणून इतिहास. तसं ते नव्हतं. त्यांचा इतिहास गणितातूनच निघाला, आणि तोही एका तराजूवर. आज त्या तराजूची गोष्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म गोव्यात, कोसबेन इथे, 1907 साली. वडील धर्मानंद कोसंबी पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवायचे. हार्वर्डच्या कामासाठी ते अमेरिकेला गेले तेव्हा 1918 मध्ये मुलालाही बरोबर घेऊन गेले. मुलगा पुढे हार्वर्डमधूनच 1929 साली पदवी घेऊन परतला. काही काळ बनारस, मग अलीगढ. अलीगढला गणित विभागाचा प्रमुख होता आंद्रे वेइल नावाचा पंचविशीतला फ्रेंच पोरगा, जो पुढे विसाव्या शतकातल्या थोर गणितज्ञांत गणला गेला. त्याच्या चिथावणीवरून कोसंबींनी एका शोधनिबंधात 'बूरबाकी' नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितज्ञाचा हवाला ठोकून दिला. ही थट्टा 1931-32 मधली. पुढे 1930 च्या दशकाच्या मध्यावर पॅरिसात वेइल आणि मित्रांनी याच टोपणनावाने गणिताचे ग्रंथ लिहायला घेतले आणि बूरबाकी जगप्रसिद्ध झाला. म्हणजे छापील गणितात त्याचं पहिलं दर्शन घडवलं ते आपल्या कोसंबींनी. असो, विषयांतर झालं.

तर 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कोसंबी पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. तिथे असताना त्यांना संख्याशास्त्र शिकावंसं वाटलं. पुस्तकातली उदाहरणं सोडवून काही होत नाही हे आपल्यापैकी नवी प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खरा डेटा लागतो, आणि भरपूर लागतो. कोसंबींनी डेटा निवडला तो आहत नाण्यांचा.

आहत नाणी म्हणजे भारतातली सगळ्यात जुनी नाणी. चांदीचा पत्रा कापायचा, वजन जास्त भरलं तर कोपरा छाटायचा आणि मग त्यावर एकेक ठसा ठोकायचा. सूर्य, डोंगर, बैल, असली चिन्हं. वजन 32 गुंजांचं, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या जरा आत. (सोनाराच्या दुकानात आजीबरोबर गेलेल्यांना गुंज आठवत असेल.) अडचण अशी की या नाण्यांवर एकही अक्षर नाही. राजाचं नाव नाही, साल नाही, टांकसाळ नाही. त्या चिन्हांचा अर्थ काय यावर विद्वानांनी पानंच्या पानं भरली होती आणि जो तो आपापल्या अंदाजाने नाणी राजांना वाटून टाकत होता.

कोसंबींनी चिन्हांच्या अर्थाचा नाद सोडला आणि साधा प्रश्न विचारला. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं. किती झिजतं?

हे कळणार कसं? प्राचीन नाण्यांचं वय माहीत नाही, म्हणून तर सगळा घोळ. मग ज्यांचं वय माहीत आहे अशी नाणी घ्यायची. त्यांच्या काळातली, बाजारात चालणारी नाणी, ज्यांच्यावर साल छापलेलंच आहे. या माणसाने चलनातली हजारो नाणी अचूक तराजूवर एकेक करून तोलली. हजारो! गणिताचा प्राध्यापक चिल्लर तोलत बसला आहे हे दृश्य तेव्हाच्या पुण्यात कुणी पाहिलं असेल तर त्याने काय कॉमेंट मारली असेल याची कल्पना तुम्हीच करा.

त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, एकाच सालच्या नाण्यांचं सरासरी वजन काळाबरोबर ठरावीक गतीने कमी होत जातं. दुसरी जास्त मजेची. नाणी टांकसाळीतून बाहेर पडतात तेव्हा त्यांची वजनं एकमेकांच्या खूप जवळ असतात. जसजशी फिरतात तसतशी विखुरतात, कारण एखादं रोज दहा हात बदलतं आणि एखादं गाडग्यात पडून राहतं. म्हणजे नाण्यांचा एक ढीग हातात आला तर सरासरी आणि विखुरणं या दोन आकड्यांवरून ते किती फिरले आहेत ते सांगता येईल. आपल्या भाषेत, टाइमस्टॅम्प नसलेल्या लॉग फाइलमधून एंट्र्यांचा क्रम लावायचा.

आता खरी परीक्षा. तक्षशिलेला भीर टेकाडावर 1924 साली आहत नाण्यांचा मोठा साठा सापडला होता, हजारावर नाण्यांचा. त्यात अलेक्झांडरची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप याचं एक नाणं होतं, कोरी करकरीत. फिलिपची कारकीर्द इसवी सनपूर्व 323 ते 317, त्यामुळे साठा पुरला कधी याचा साधारण अंदाज आधीच होता. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा असतात, कुठल्यावर एक, कुठल्यावर चार, कुठल्यावर आणखी जास्त. आधीच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. कोसंबींनी खुणांच्या संख्येनुसार नाण्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाचं सरासरी वजन काढलं. खुणा वाढतात तसं वजन पायरीपायरीने उतरतं!

म्हणजे त्या खुणा नक्षी नव्हत्या. नाणं फिरताना अधूनमधून सराफ किंवा व्यापारी ते तपासत होते आणि तपासल्याची खूण मारत होते. पुस्तकात न सापडणारी एक व्यापारी व्यवस्था, तिची शिस्त, तिचा पल्ला, हे सगळं ग्रॅमच्या अपूर्णांकांतून वर आलं. नंतरच्या मौर्यांच्या काळातल्या नाण्यांत तांबं वाढलेलं आणि वजनंही ढिली पडलेली दिसली, त्यावरून त्यांनी राज्याच्या तिजोरीवर ताण आला होता असं अनुमान काढलं. इथून पुढे त्यांचा इतिहास राजांच्या याद्यांकडून माणसं काय पिकवत, काय विकत याकडे वळला.

सगळ्यांना हे पटलं असं अजिबात नाही. नाणेतज्ज्ञांचे आक्षेप होते आणि काही मला रास्त वाटतात. दोन हजार वर्षं मातीत पडलेल्या चांदीचं वजन मातीनेही बदलतं, सापडल्यावर साफ करतानाही बदलतं. तांबं वाढलं म्हणजे तिजोरी रिकामी, हेही एकमेव उत्तर नाही. व्यापार वाढल्यामुळे नाणी कमी पडली असंही असू शकतं. कुठलं चिन्ह कुठल्या राजाचं याबद्दलची त्यांची उत्तरं तर वादातच राहिली. पण भांडायचं झालं तरी आता आकडे घेऊन भांडावं लागणार होतं.

हे सगळं चालू असतानाच 1943 मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला, ज्यातली कल्पना पुढे कार्हुनेन आणि लोएव या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाली. सिग्नल किंवा इमेज प्रोसेसिंग केलेल्यांना ही नावं ओळखीची असतील. 1944 मध्ये जनुकांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र दिलं. पिकांच्या जनुकांचे नकाशे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही 'कोसंबी' नावाचा पर्याय असतो. त्यावर टिचकी मारणाऱ्या किती जणांना हा माणूस माहीत असेल?

पुढे होमी भाभांच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये ते गणिताचे प्राध्यापक झाले. राहायला पुण्यातच, डेक्कन क्वीनने ये-जा. सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्या पालथ्या घालायच्या, अश्मयुगीन गारगोटीची हत्यारं वेचायची, घरामागे पालं टाकून राहणाऱ्या पारध्यांशी बोलायचं, म्हसोबा-वेताळाची ठाणी कुठल्या जुन्या वाटेवर आहेत ते बघायचं. 1956 साली यातून भारतीय इतिहासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं.

इथे त्यांच्या बाजूने सरसकट बोलायचा मोह मी आवरतो. 1950 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी रीमान हायपोथेसिस सोडवल्याचा दावा केला, तोही शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धता चुकीची होती आणि गणितज्ञांत त्यांचं हसं झालं. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेकडे वळा असं ते उघडपणे म्हणत होते, आणि संस्था होती भाभांची. शिवाय स्वभाव तिखट. 1962 मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. गणितवाल्यांना ते इतिहासात भरकटलेले वाटत आणि इतिहासवाल्यांना बाहेरचे. माझ्या मते चुकीची सिद्धता आणि नाण्यांचा अभ्यास एकाच वृत्तीतून आले. दुसऱ्याच्या अंगणात घुसायला हा माणूस कधी कचरला नाही, आणि दर वेळी तराजू बरोबर निघेल याची खात्री नसते.

फेब्रुवारी 1966 च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांनी नाण्यांच्या या पद्धतीवर सर्वसामान्य वाचकांसाठी लेख लिहिला. त्याच वर्षी 29 जूनला पुण्यात ते गेले. वय 58.

हे सगळं वाचून गेल्या रविवारी मलाही सुरसुरी आली. डिजिटल काटा घरात होताच. एकाच जातीची, वेगवेगळ्या सालांची रुपयाची नाणी जमवून तोलावीत म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे सुट्टे मागितले. तो हसला आणि त्याने क्यूआर कोडकडे बोट दाखवलं. देवघरातली डबी, गाडीचा कप्पा, बायकोची जुनी पर्स असं करत आठवडाभरात सत्तेचाळीस नाणी जमली आहेत. कोणाकडे बरणी भरून पडली असतील तर कळवा, तोलून परत देईन.