डेटाबेसमधला फोटो तुमच्या स्क्रीनवर कसा येतो? आणि डिलीट केल्यावर तो खरंच जातो का?

तुम्ही फेसबुक उघडता तेव्हा मित्राच्या लग्नाचे फोटो दिसतात. त्याच क्षणी शेजारी बसलेल्या बहिणीला मात्र वेगळेच फोटो दिसतात. असं का? कारण हे पान आधीपासून तयार नसतं, तुम्ही मागितल्यावर ते तुमच्यासाठी बनवलं जातं. याला डायनॅमिक पेज म्हणतात.

पडद्यामागे काय घडतं?

तुमचा ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो. सर्व्हर डेटाबेसमध्ये शोधतो: या युजरला कोणते फोटो दाखवायचे? फोटोचा क्रमांक, तो कोणी टाकला, कोणाला पाहता येईल ही माहिती तिथून मिळते. त्यावरून सर्व्हर पानात फोटोची लिंक बसवतो. मग ब्राउझर त्या लिंकवरून प्रत्येक फोटो स्वतंत्रपणे मागवतो. म्हणूनच नेट स्लो असलं की मजकूर आधी येतो आणि फोटोची जागा रिकामी दिसते.

फोटो ठेवतात कुठे?

याचे दोन मार्ग आहेत. एक, फोटो थेट डेटाबेसमध्येच साठवायचा. याला ब्लॉब म्हणतात. फोटो मोजके असतील तर हे सोयीचं पडतं, बॅकअपही एकत्र होतो. पण फोटो वाढले की डेटाबेस जड होतो. म्हणून मोठ्या साइट्स दुसरा मार्ग घेतात: फोटो वेगळ्या स्टोरेजमध्ये आणि डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता.

फेसबुकने 2010 मध्ये आपल्या 'हेस्टॅक' या फोटो स्टोरेजची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हा त्यांच्याकडे 260 अब्जांहून अधिक इमेज होत्या, कारण प्रत्येक फोटो चार साइझमध्ये ठेवला जात होता.

मग डिलीट केल्यावर काय होतं?

हेस्टॅकमध्ये डिलीट केलेल्या फोटोवर आधी फक्त तशी खूण केली जायची. जागा नंतर, साफसफाईच्या वेळी मोकळी व्हायची. शिवाय फोटो लवकर उघडावा म्हणून त्याच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. म्हणजे पानावरून फोटो गायब झाला, तरी थेट लिंक असलेल्याला तो काही काळ दिसू शकतो. फेसबुकच्या जुन्या स्टोरेजमधले डिलीट केलेले फोटो अनेक महिन्यांनंतरही थेट लिंकवर उघडत असल्याच्या बातम्या 2012 मध्ये आल्या होत्या.

तुम्ही काय करावं?

आधार कार्ड, बोर्डिंग पास किंवा मुलांचे खासगी फोटो टाकण्याआधी थांबा. चुकून टाकलाच, तर लगेच डिलीट करा. पण तोवर कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल, तर तो कुठल्याही बटणाने पुसला जात नाही.