पन्नास हजारांचा आकडा

शालेय पुस्तकात रक्तपट्टिकांच्या, म्हणजेच प्लेटलेटच्या, वाट्याला एक-दोन वाक्ये येतात : जखम झाली की त्या रक्त थांबवायला मदत करतात. १८८२ मध्ये इटलीत तुरीन येथे ज्युलिओ बिझोझेरो यांनी हे काम सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९१० मध्ये अमेरिकेत विल्यम ड्यूक यांनी रक्तस्राव न थांबणाऱ्या रुग्णाला ताजे रक्त दिले; पट्टिका वाढल्या, रक्त थांबले. यातून एक सरळ तर्क रूढ झाला : पट्टिका कमी असतील तर त्या द्याव्यात, रक्तस्राव टळेल.

पण ड्यूक यांच्या रुग्णाचे रक्त वाहत होते. वाहत नसताना, केवळ मोजणीत आकडा कमी आला म्हणून पट्टिका द्याव्यात का, हा प्रश्न निराळा आहे.

नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात तो रोजचाच. निरोगी बाळाच्या एक घनमिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख पट्टिका असतात. अपुऱ्या दिवसांच्या, जेमतेम पाऊण किलोच्या बाळात जंतुसंसर्गामुळे, किंवा गर्भात वारेकडून पोषण कमी पडल्यामुळे, हा आकडा पन्नास हजारांच्याही खाली उतरतो. मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याची धास्ती असतेच. मग डॉक्टर पट्टिका देत. किती खाली गेल्यावर द्यायच्या, हे मात्र रुग्णालयागणिक वेगळे असे.

अनुभवाने हे का उलगडले नाही? कारण जे बाळ अधिक आजारी, त्याच्याच पट्टिका कमी आणि त्यालाच रक्तस्रावाचा धोका अधिक. बाळ वाचले तर श्रेय पट्टिकांना. दगावले तर दोष आजाराला. असा तर्क कधीच खोटा ठरत नाही. (वर्गात ‘कारण’ आणि ‘सोबत’ यांतला फरक सांगताना हे उदाहरण घेण्याजोगे आहे.)

१९९३ मध्ये कॅनडातील मॉरीन अँड्रयू व सहकाऱ्यांनी १५२ बाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात आकडा दीड लाखावर राखला. दुसऱ्यात पन्नास हजारांखाली गेल्यावरच पट्टिका दिल्या. मेंदूतील रक्तस्राव पहिल्यात २८ टक्के, दुसऱ्यात २६ टक्के. फरक नाहीच म्हणायचा. पन्नास हजारांखालचा प्रदेश मात्र तपासायचा राहिला, तो पुढची पंचवीस वर्षे.

२०१९ मध्ये ब्रिटन, आयर्लंड व नेदरलँड्समधील ६६० बाळांवरील प्रयोगाचा निकाल आला. एका गटाला पन्नास हजारांखाली पट्टिका दिल्या, दुसऱ्याला पंचवीस हजारांखाली. २८ दिवसांत मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव झाला तो पहिल्या गटात २६ टक्के बाळांना, दुसऱ्यात १९ टक्के. ज्यांना अधिक पट्टिका मिळाल्या, त्यांचेच अधिक बिघडले! २०२३ मध्ये त्याच बाळांची दोन वर्षांच्या वयातली पाहणी प्रसिद्ध झाली. मृत्यू किंवा विकासातील दोष यांचे प्रमाण ५० विरुद्ध ३९ टक्के होते.

असे का व्हावे? दात्याच्या प्रौढ पट्टिका बाळाच्या पट्टिकांपेक्षा अधिक चटकन चेततात. त्यामुळे दाह वाढत असावा, असा एक अंदाज आहे. इवल्या शरीरात एकदम जादा द्रव जातो, हा दुसरा. दोन्ही अजून सिद्ध व्हायचे आहेत.

मोठा रक्तस्राव नुकताच झालेली बाळे या प्रयोगात नव्हती. त्यांना हा निष्कर्ष लागू होत नाही. आणि पंचवीस हजार हा आकडाही प्रयोगासाठी निवडलेलाच. त्याखाली काय, ते या प्रयोगाने तपासलेले नाही.