बुडालेल्या धड्यांचा हिशेब

साथीच्या रोगाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे मृतांची संख्या द्यावयाची, असा एक प्रघात पडून गेला आहे. किती माणसे दगावली, कोणता कायदा झाला, कोणत्या अधिकाऱ्याने जुलूम केला, हे दफ्तरांत सापडते. परंतु त्या साथीतून जी मुले वाचली त्यांचे किती धडे बुडाले, हा प्रश्न दफ्तराला फारसा कोणी विचारीत नाही. मेलेला माणूस मोजता येतो. जगून मागे राहिलेला मोजावयाचा कसा? आज आम्ही या दुसऱ्या हिशेबाविषयी बोलणार आहोत.

आरंभ प्लेगापासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. काही महिन्यांत रोग पुण्यास पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुढे रँडसाहेबाच्या कमिटीने घरोघर घेतलेल्या झडत्या आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या, ही कथा आपणां सर्वांस पाठ आहे. साथ एका वर्षात सरली नाही. ती पुनःपुन्हा येत राहिली, आणि ती आली की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहात. शाळा भरावयाची ती गावात. आणि गाव तर माळावर गेलेले! अशा वेळी विद्येचे काय होते, हे समजण्यास दोन व्यक्तींकडे पाहिले पाहिजे.

पहिल्या सावित्रीबाई फुले. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत उभ्या राहिलेल्या या शिक्षिकेने १८९७ मध्ये, आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, असे सांगतात. त्याच सेवेत त्यांना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथ केवळ शाळेच्या दाराला कुलूप लावीत नाही. ती शिक्षकही नेते.

दुसरे धोंडो केशव कर्वे. १८९६ साली त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम काढला होता. १९०० साली प्लेगामुळे आश्रम शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी तो गावाबाहेर हिंगण्यास नेला. तेथे एक साधी झोपडी उभारली. कर्वे दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि नंतर काही मैल चालून झोपडीतल्या विद्यार्थिनींकडे जात. त्याच झोपडीतून पुढे केवढी संस्था वाढली, हे सांगण्याची गरज नाही. ज्या विद्येमागे चालत जाणारा माणूस होता, ती विद्या प्लेगातही बुडाली नाही, एवढेच आम्हांला येथे दाखवावयाचे आहे.

परंतु येथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. १९०१ च्या जनगणनेत या देशात लिहितावाचता येणारी माणसे शंभरांत सुमारे पाच भरली; स्त्रियांत तर शंभरी एकही भरली नाही. म्हणजे बहुसंख्य मुलांच्या लेखी शाळा उघडी काय आणि बंद काय, सारखीच होती. जे हाती आलेच नव्हते ते हरवणार कसे? प्लेगाने शिक्षणाचे नुकसान त्या मानाने थोडे केले असेल, तर ते आपल्या दारिद्र्यामुळे!

हे दारिद्र्य घालविण्यास पुढे एक शतक लागले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये विधेयक आणले. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा निर्णय घेतला. पाठोपाठ १९१८ चा इन्फ्ल्युएंझा आला आणि त्याने देशातील एक कोटीहून अधिक माणसे नेली. ही नवी शिक्षणव्यवस्था अशी जन्मतःच संकटात सापडली. तरीही ती वाढत गेली. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. उशिरा का होईना, शाळा सर्वांची झाली.

आणि शाळा सर्वांची झाल्यावर दहा वर्षांनी कोरोना आला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपल्या राज्यात दहावीचा भूगोलाचा तेवढा पेपर राहिला होता. तो रद्दच झाला. वरच्या वर्गांस त्या नोव्हेंबरपासून, आणि पाचवी ते आठवीस जानेवारी २०२१ पासून, ठिकठिकाणी थोडे दिवस शाळा लाभली. दुसऱ्या लाटेत तीही गेली. पहिलीपासूनचे वर्ग उघडण्यास परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून, आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस टाळे लागले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले ते दुसरीत गेल्यावर! पाटीवर पहिले अक्षर गिरविताना ज्याचा हात धरावयाचा, त्याचाच हात सुटला.

शाळेच्या जागी फोन आला. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये शंभरी सुमारे ३६ होते. २०२१ मध्ये ते सुमारे ६८ झाले. परंतु घरात फोन असणे निराळे आणि तो मुलाच्या हाती असणे निराळे. फोन असलेल्या घरांतही चारातल्या एका मुलाला तो मिळत नव्हता. बाप कामावर निघाला की शाळा त्याच्या खिशातून निघून जाई. मग माणसांनी युक्त्या काढल्या. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले गेले. हिंगण्याची झोपडी अशी पुन्हा ठिकठिकाणी उभी राहिली. पण मुले कोट्यवधी होती आणि झोपड्या थोड्या.

२०२१ मध्ये दहावीची परीक्षा झालीच नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. यात मुलांचा काडीइतका दोष नाही. परंतु ज्या वर्षी शिक्षण सर्वांत कमी झाले त्या वर्षी उत्तीर्णांची संख्या सर्वांत मोठी दिसावी, यावरून कागदावरचा आकडा किती फसवा असतो ते ध्यानात येते.

आता हिशेबाकडे वळू. मुले शाळेत परतणारच नाहीत अशी भीती होती; ती खोटी ठरली. ग्रामीण भागात ६ ते १४ वयाच्या मुलांची पटसंख्या २०१८ मध्ये ९७.२ टक्के होती, ती २०२२ मध्ये ९८.४ झाली. गरिबाने शाळेवरील विश्वास सोडला नाही. परंतु तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी २०१८ मध्ये २७ होती, ती २०२२ मध्ये २० उरली. मूल पटावर आले, पण वाचन मागे राहिले.

पुढे ‘निपुण भारत’सारखी अभियाने झाली, शिक्षकांनी कष्ट घेतले, आणि २०२४ मध्ये तो आकडा पुन्हा २७ वर आला. अनेकांनी समाधानाचा निःश्वास टाकला. आम्ही मात्र एक गोष्ट पाहण्याची विनंती करतो. २०२४ मधील तिसरीची मुले ही ती मुले नव्हेत! ती २०२२ मध्ये, शाळा उघडल्यावर, पहिलीत आली. आकडा भरून आला तो दुसऱ्याच मुलांचा. ज्यांची पहिली बुडाली ती तोवर पाचवीत गेली होती. आणि पाचवीच्या शंभर मुलांत दुसरीचे पुस्तक वाचणारी ४९ च्या आसपास होती. २०१८ मधील पाचवीच्या बरोबरीला ती जवळजवळ आली, हे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु ती बरोबरी तरी कशाशी? पाचवीतील अर्ध्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता न येणे, हा साथीपूर्वीचाच रोग होय. ताप उतरला म्हणून क्षय बरा झाला असे म्हणता येत नाही.

तेव्हा या इतिहासातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, पुढे कधी साथ आली तर शाळा सर्वांच्या शेवटी बंद करावी आणि सर्वांच्या आधी उघडावी. कारण सधन घरातील मुलाला शाळेवाचून काही दुसरे असते, गरिबाच्या मुलाला नसते. दुसरी, मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न विचारता त्याला काय वाचता येते हे विचारावे, आणि तेथून पुढे शिकवावे. यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावात वाचनालये आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, संध्याकाळचा एक तास मोकळा असलेली माणसे आहेत. कर्व्यांना हिंगणे दूर वाटले नाही. आपल्याला शेजारची आळी दूर वाटू नये.