शिंपल्यांचा गळाला चारा: कसा लावायचा, कुठून गोळा करायचा आणि काय टाळायचं?

वाकोल्याला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. पण जुहू, खारदांडा, वांद्र्याचा कार्टर रोड आणि माहीम हे किनारे इथून काही किलोमीटरवरच आहेत. सुट्टीच्या दिवशी या किनाऱ्यांवर गळ टाकून बसलेले हौशी लोक दिसतात. कोकणात याला ‘गरवणं’ म्हणतात. बाजारातून कोळंबी विकत घेण्याऐवजी खडकावरची कालवं किंवा वाळूतल्या तिसऱ्या काढून गळाला लावणं हा जुना आणि फुकटचा उपाय आहे. मात्र मुंबईत तो करताना एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी: हे शिंपले नेमके कोणत्या पाण्यात वाढले?

मासे शिंपल्यांकडे का येतात?

करकरा, शिंगाळा यांसारखे मासे तळाशी फिरून खाणं शोधतात. शिंपल्याचं मांस मऊ असतं आणि त्यातला रस पाण्यात पसरतो. गढूळ पाण्यात माशाला दिसतं कमी, तेव्हा तो वासाच्या मागे येतो. जिताड्यासारखा शिकारी मासा मात्र जिवंत कोळंबी किंवा छोट्या माशावर जास्त झेपावतो. त्याच्यासाठी शिंपला हा चांगला चारा नाही.

कधी जायचं?

शिंपले ओहोटीलाच मिळतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वात जास्त आत जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी फारसं हटत नाही.

भरतीच्या वेळेसाठी किनाऱ्यावर एक सोपा हिशेब वापरतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला 4 × ¾ = 3, म्हणजे साधारण 3 वाजता पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. निघण्यापूर्वी भरतीचं वेळापत्रक पाहावंच. पाणी उतरत असताना खडकावर जावं आणि भरती वळण्याआधी परतावं. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नये.

गळाला कसं लावायचं?

- कालवाची धार ब्लेडसारखी असते. जाड हातमोजे आणि बंद बूट घालावेत.
- शिंपले ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवावेत. गोड्या पाण्यात टाकल्यास ते मरतात.
- मांस गळावरून लवकर सुटतं. आदल्या रात्री मीठ लावून ठेवल्यास ते घट्ट होतं.
- तिसरीच्या मांसातला चिवट भाग, म्हणजे तिचा ‘पाय’, गळातून दोनदा ओवावा आणि वरून बारीक दोऱ्याचे वेढे द्यावेत.
- जखम झाल्यास लगेच स्वच्छ पाण्याने धुवावी. सूज किंवा ताप आल्यास डॉक्टरांकडे जावं.

मुंबईत खरी अडचण कुठे आहे?

वाकोला नाला मिठी नदीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीतून समुद्रात जाते. वाटेत तिच्यात सांडपाणी आणि कारखान्यांची घाण मिसळते. शिंपले पाणी गाळूनच जगतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक मोठं कालव अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे 190 लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं, असं सांगितलं जातं. पाण्यातले जंतू आणि जड धातू या गाळणीत अडकून मांसात साठतात.

म्हणून माहीम खाडी किंवा नाल्याच्या तोंडाशी काढलेले शिंपले चारा म्हणून वापरले, तरी उरलेले घरी नेऊन खाऊ नयेत. शिजवल्याने जंतू मरतात, जड धातू जात नाहीत. त्याच ठिकाणी पकडलेल्या माशांबाबतही हीच सावधगिरी बाळगावी, कारण तेही तिथलंच खातात. खायचा मासा हवा असेल, तर सांडपाणी सोडलं जातं त्या जागेपासून दूर गळ टाकावा.

किती काढायचे?

ओहोटीला शिंपले वेचणं हे अनेक कोळी महिलांच्या रोजच्या कमाईचं साधन आहे. एका फेरीला मूठ-दोन मुठी पुरतात. लहान शिंपले सोडून द्यावेत आणि एकाच खडकावरचं सगळं खरवडू नये. रिकाम्या कवचांवर कालवांची पिल्लं चिकटून वाढतात, त्यामुळे कवचं जिथली तिथेच टाकावीत.

काही शंख-शिंपल्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे. 2001 मध्ये त्यांचा त्या यादीत समावेश झाला. ओळखीचे नसलेले मोठे शंख आणि कवड्या उचलू नयेत.

उरलेला जिवंत चारा दुसऱ्या खाडीत सोडू नये. मूळचा मध्य अमेरिकेकडचा एक काळपट छोटा शिंपला जहाजांबरोबर भारतात आला, 1967 मध्ये विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबईच्या बंदरातही पसरला. असा परका जीव एकदा रुजला की तो काढून टाकणं फार अवघड असतं.

थोडक्यात: चारा म्हणून शिंपला उत्तम आहे. तो ओहोटीला, स्वच्छ जागेवरून आणि गरजेपुरताच काढावा. मिठी आणि माहीम खाडीच्या परिसरातला असेल, तर तो गळालाच लावावा, ताटात घेऊ नये.