आनंदवनाची गृहिणी

चांद्याचा इतिहास म्हटला म्हणजे गोंडराजे, त्यांचा परकोट आणि राणी हिराईनें पतीच्या मागें उभारलेली समाधि, एवढेंच बहुधा आठवतें. त्याच जिल्ह्यांत, वरोऱ्याजवळच्या माळावर, एका स्त्रीनें साठ वर्षें संसार केला. तो साधनाताई आमटे यांचा. इतिहासानें त्याचीहि नोंद घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

नागपूरच्या घुले घराण्यांत, सनातनी वळणाच्या घरीं, १९२६ सालीं त्यांचा जन्म झाला. माहेरचें नांव इंदु. १९४६ त मुरलीधर देविदास, म्हणजे बाबा, आमटे यांच्याशीं विवाह झाला. १९४७ त विकास, १९४८ त प्रकाश हे पुत्र झाले.

१९५१ त हें दांपत्य खडकाळ जमिनीवर राहावयास गेलें, तेव्हां बरोबर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, चार कुत्रे, चौदा रुपये आणि तीं दोन मुलें होतीं. ही यादी बाबांच्या धैर्याचा दाखला म्हणून नेहमी सांगतात. आमची दृष्टि मात्र मुलांवर खिळते. रोग्याचा दीर्घ सहवास हें या रोगाच्या फैलावाचें मुख्य कारण. त्या काळीं कित्येक आश्रमांत रोगी आईपासून तिचें तान्हें मूल दूर करीत. येथें निरोगी आईनें आपलीं मुलें रोग्यांच्या अंगणांतच वाढविलीं! सल्फोनचीं औषधें हातीं आलीं होतीं खरीं. पण लोकांच्या मनांतील भय औषधानें जात नव्हतें. आनंदवनाची भाजीसुद्धां वरोऱ्यांत कोणी घेईना. आईबापांस असा धोका पत्करण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न तेव्हांचा समंजस गृहस्थ विचारता, तर आम्हीहि तो उडवून लावला नसता. मुलें सुखरूप राहिलीं, म्हणून तो निर्णय सोपा ठरत नाहीं.

स्वयंपाक, गाईगुरें, रोग्यांची सेवा, आल्यागेल्याचें आतिथ्य. याला पगार नव्हता, हुद्दा नव्हता. पुढें मणक्याच्या व्याधीनें बाबांना बसणें अशक्य झालें, तेव्हां त्यांची शुश्रूषाहि आली. हा व्यवसाय नव्हे, असें कोणी म्हणेल. आम्हीं तरी इतका पूर्ण वेळ मागणारा दुसरा व्यवसाय पाहिला नाहीं.

मुलगे डॉक्टर झाले. विकास आनंदवनांत राहिले. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी १९७३ त भामरागडच्या अरण्यांत, हेमलकशास, माडिया गोंडांमध्यें गेले. १९८२ पासून तो मुलूख गडचिरोली जिल्ह्यांत मोडतो. तेव्हां तेथें पावसाळ्यांत नद्या चढल्या कीं वाट बंद होई. स्वतः मुलांना माळावर आणलेल्या आईस त्यांना अडविण्यास जागाच उरली नव्हती! १९९० त बाबा नर्मदातीरीं राहावयास गेले, तेव्हां साठी उलटलेल्या साधनाताईंनीं तेथेंहि चूल मांडली.

आपल्या आत्मचरित्रास त्यांनीं नांव दिलें ‘समिधा’. आम्हांस हें नांव थोडें जास्तच विनयाचें वाटतें. समिधा दुसऱ्याच्या हातून अग्नींत पडते. साधनाताई आपल्या पायांनीं माळावर चालत गेल्या होत्या. बाबा २००८ त गेले. त्यांच्यामागून तीन वर्षांनीं, ९ जुलै २०११ रोजीं, साधनाताई निवर्तल्या.