वर्षवेध २०२२ : महाराष्ट्र-गोव्यात जागतिक फुटबॉल, यजमान भारताची मात्र निराशा

नोएडा, ३१ डिसेंबर : लिओनेल मेस्सीच्या हाती आलेला विश्वचषक आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी पेले यांचे निधन, या दोन घटनांनी २०२२ या फुटबॉल वर्षाची अखेर झाली. भारताच्या दृष्टीने या वर्षाची नोंद आणखी एका कारणाने ठेवावी लागेल. महिला फुटबॉलच्या दोन मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी भारतात झाल्या आणि त्या दोन्हींचे अंतिम सामने नवी मुंबईत रंगले. मात्र पहिल्या स्पर्धेतून भारतीय संघाला उरलेले सामने न खेळताच बाहेर पडावे लागले, तर दुसऱ्या स्पर्धेत त्याला एकही गोल करता आला नाही. या दोन स्पर्धांच्या दरम्यान जागतिक महासंघाने भारताला निलंबितही केले.

आशियाई स्पर्धा : यजमानांविना उरलेले सामने

महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी या काळात महाराष्ट्रात झाली. नवी मुंबईचे डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्यातील बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल ही तिची तीन केंद्रे होती. स्पर्धेतील संघांची संख्या प्रथमच आठवरून बारा करण्यात आली होती. याच स्पर्धेतून २०२३ च्या महिला विश्वचषकाची आशियाई पात्रता ठरणार असल्याने भारतासाठी ती दुर्मिळ संधी होती.

सलामीच्या सामन्यात भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध सामना व्हायचा होता. परंतु भारतीय पथकातील अनेक खेळाडूंना कोरोनाची लागण झाली आणि नियमाप्रमाणे आवश्यक असलेल्या तेरा खेळाडू उभ्या करणे संघाला शक्य झाले नाही. सामना झालाच नाही. नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानण्यात आले आणि इराणविरुद्धची बरोबरीही रद्द ठरली. कित्येक महिने सराव केलेल्या संघाच्या नावापुढे स्पर्धेच्या तक्त्यात एकही सामना राहिला नाही.

इतरांनी मात्र याच मैदानांवर इतिहास घडवला. बालेवाडीत फिलिपिन्सने चायनीज तैपेईला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून प्रथमच विश्वचषकाची पात्रता मिळवली. पाठोपाठ व्हिएतनामनेही प्रथमच विश्वचषक गाठला. ६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाने मध्यंतरापर्यंत दोन गोलांची आघाडी घेतली होती. चीनने उत्तरार्धात बरोबरी साधली आणि भरपाई वेळेतील गोलाच्या बळावर ३-२ असा विजय मिळवून नवव्यांदा विजेतेपद पटकावले.

रियाधमध्ये मुंबईचा विजय

पुरुषांच्या क्लब फुटबॉलमध्ये वर्षातील लक्षणीय भारतीय कामगिरी मुंबई सिटीच्या नावावर जमा झाली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत २०२१ मध्ये एफसी गोवाने तीन बरोबरी साधून भारतीय क्लबचे पहिले गुण मिळवले होते. त्याच्या पुढची पायरी मुंबईने गाठली. सौदी अरेबियातील रियाध येथे ११ एप्रिलला मुंबई सिटीने इराकच्या अल कुवा अल जविया संघाला २-१ असे हरवले. या स्पर्धेतील भारतीय क्लबचा हा पहिला विजय होता. पिछाडीवर पडल्यानंतर दिएगो मौरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधून दिली आणि मुंबईतच जन्मलेला बचावपटू राहुल भेके याच्या हेडरने सामना जिंकला. परतीच्या लढतीतही मुंबईने याच संघाला १-० असे नमवले. सहा सामन्यांत सात गुण मिळवून संघ गटात दुसरा आला.

त्यापूर्वी मार्चमध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम गोव्यात पूर्ण झाला. कोरोनामुळे सलग दुसऱ्या वर्षी संपूर्ण स्पर्धा फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोतील मैदानांपुरती मर्यादित होती. २० मार्चला फातोर्डा येथे हैदराबादने केरला ब्लास्टर्सला शूटआउटमध्ये हरवून पहिले विजेतेपद मिळवले. ७ ऑक्टोबरला कोचीतून नव्या हंगामाला प्रारंभ झाला, तेव्हा घरच्या आणि परक्या मैदानांवरील सामन्यांची पद्धत पुन्हा सुरू झाली.

जून महिन्यात कोलकात्यात राष्ट्रीय संघाने आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत कंबोडियाला २-०, अफगाणिस्तानला २-१ आणि हाँगकाँगला ४-० असे पराभूत केले. अफगाणिस्तानविरुद्ध कर्णधार सुनील छेत्रीचा ८६ व्या मिनिटाचा फ्री किकवरील गोल आणि भरपाई वेळेत सहल अब्दुल समदने केलेला गोल निर्णायक ठरला. हाँगकाँगविरुद्धच्या गोलासह छेत्रीने ८४ आंतरराष्ट्रीय गोल पूर्ण करून हंगेरीचे फेरेन्क पुस्कास यांची बरोबरी केली. भारत प्रथमच सलग दोन आशियाई चषकांसाठी पात्र ठरला.

निलंबनाचे दिवस

मैदानावरील या यशाच्या वेळी राष्ट्रीय संघटना न्यायालयीन पेचात अडकली होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली होती. परंतु संघटनेच्या घटनेचा प्रश्न न्यायप्रविष्ट असल्याने निवडणूक झाली नव्हती. १८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची कार्यकारिणी दूर करून कारभार तीन सदस्यीय प्रशासक समितीकडे सोपवला. माजी न्यायमूर्ती अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी फुटबॉलपटू भास्कर गांगुली यांचा तीत समावेश होता.

संघटनेच्या कारभारात त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप होत असल्याचे कारण देऊन ‘फिफा’ने ऑगस्टच्या मध्यास भारताचे निलंबन केले. ऑक्टोबरमधील सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ठरल्याप्रमाणे भारतात होऊ शकणार नाही, असेही तिने स्पष्ट केले. महासंघाच्या इतिहासात अशी कारवाई प्रथमच झाली.

या निर्णयाची सर्वांत तातडीची झळ ज्यांचा वादाशी काहीही संबंध नव्हता अशा खेळाडूंना बसली. भारतीय विजेता गोकुलम केरला महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानमधील ताश्कंदला पोहोचला असतानाच निलंबनाची बातमी आली. संघाला एकही सामना न खेळता परतावे लागले. त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, पंजाबची मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉन लेडीज संघाकडून युरोपीय महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. परदेशी क्लबमध्ये असलेली एक भारतीय खेळाडू इतिहास घडवत होती आणि भारतीय क्लबमधील तिच्या सहकाऱ्यांना मैदानात उतरण्याची परवानगी नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्टला प्रशासक समितीचा कार्यकाळ संपुष्टात आणला आणि २६ ऑगस्टला निलंबन उठले. २ सप्टेंबरला दिल्लीतील द्वारका येथील महासंघाच्या मुख्यालयात निवडणूक झाली. माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांनी माजी कर्णधार बायचुंग भूतिया यांचा ३३ विरुद्ध १ मताने पराभव केला. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या अध्यक्षपदी प्रथमच माजी खेळाडू निवडून आला.

मुलींचा विश्वचषक : सोळा गोलांचा धडा

निलंबन उठल्यामुळे सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक वाचला. ११ ते ३० ऑक्टोबर या काळात भुवनेश्वर, फातोर्डा आणि नवी मुंबई येथे तो पार पडला. हीच स्पर्धा २०२० मध्ये भारतात होणार होती. कोरोनामुळे ती रद्द झाली होती. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला. कर्णधार अस्तम उरांव हिच्या नेतृत्वाखालील संघाचे तिन्ही सामने भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर झाले. अमेरिकेने ८-०, मोरोक्कोने ३-० आणि ब्राझीलने ५-० असा भारताचा पराभव केला. तीन सामन्यांत सोळा गोल स्वीकारावे लागले आणि एकही करता आला नाही.

या निकालांचा दोष मुलींवर टाकणे अन्यायाचे ठरेल. लहान वयापासून नियमित स्पर्धात्मक सामने खेळत आलेल्या संघांपुढे त्या उभ्या होत्या. महिनाभर आधी काठमांडूत वरिष्ठ महिला संघालाही दक्षिण आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेपाळकडून हार पत्करावी लागली होती. त्या स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच भारत अंतिम फेरीत नव्हता आणि विजेतेपद बांगलादेशाने मिळवले.

विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने फातोर्डा येथे झाले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवून किताब राखला. तो एकमेव गोल कोलंबियाच्या बचावपटूकडून ८२ व्या मिनिटाला झालेला स्वयंगोल होता.

युद्ध, चेंगराचेंगरी आणि भरलेली स्टेडियम

जागतिक फुटबॉलवर वर्षभर युक्रेन युद्धाची छाया राहिली. २८ फेब्रुवारीला ‘फिफा’ आणि युरोपीय महासंघाने रशियाच्या संघांवर बंदी घातली. रशियन उद्योगपती रोमन अब्रामोविच यांना चेल्सी क्लब विकावा लागला. युक्रेनचा संघ विश्वचषकापासून एक पाऊल दूर राहिला. निर्णायक लढतीत वेल्सने त्याला १-० असे हरवून १९५८ नंतर प्रथमच विश्वचषक गाठला. युरोप विजेत्या इटलीला उत्तर मॅसिडोनियाने पालेर्मोत हरवले आणि सलग दुसऱ्या विश्वचषकाला तो संघ मुकला.

प्रेक्षकांच्या सुरक्षेचा प्रश्न तीन खंडांत उभा राहिला. जानेवारीत कॅमेरूनमध्ये आफ्रिकी चषकाच्या सामन्याआधी झालेल्या चेंगराचेंगरीत आठ जणांचा मृत्यू झाला. मे महिन्यात पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना प्रवेशद्वारांवरील गोंधळामुळे उशिरा सुरू झाला. सर्वांत भीषण दुर्घटना १ ऑक्टोबरला इंडोनेशियातील मलंग येथे घडली. कांजुरुहान स्टेडियममध्ये पोलिसांनी अश्रुधूर सोडल्यानंतर बाहेर पडण्यासाठी उडालेल्या झुंबडीत १३५ जणांनी प्राण गमावले.

महिला फुटबॉलने मात्र प्रेक्षकसंख्येचे विक्रम रचले. बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर मार्चमध्ये रियल माद्रिदविरुद्ध ९१,५५३ आणि एप्रिलमध्ये वोल्फ्सबर्गविरुद्ध ९१,६४८ प्रेक्षक उपस्थित होते. ३१ जुलैला वेम्ब्लीवर इंग्लंडने जर्मनीला २-१ असे नमवून युरोपीय विजेतेपद मिळवले, तेव्हा ८७,१९२ प्रेक्षक होते. पुरुष आणि महिला अशा दोन्ही युरोपीय स्पर्धांतील कोणत्याही सामन्यापेक्षा ही संख्या अधिक होती.

क्लब पातळीवर रियल माद्रिदने लिव्हरपूलला १-० असे हरवून चौदावे युरोपीय विजेतेपद जिंकले. इंग्लंडमध्ये अखेरच्या दिवशी दोन गोलांनी पिछाडीवर पडलेल्या मँचेस्टर सिटीने ॲस्टन व्हिलावर ३-२ अशी मात करून एका गुणाने लीग राखली. करीम बेन्झेमा आणि अलेक्सिया पुतेयास हे बॅलन डी’ओर पुरस्काराचे मानकरी ठरले.

कतार : अरब भूमीवरील पहिला विश्वचषक

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झालेला पहिला आणि अरब देशातील पहिला विश्वचषक स्थलांतरित कामगारांच्या परिस्थितीवरील टीकेच्या सावटाखाली सुरू झाला. यजमान कतार तिन्ही सामने हरला. सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे, तर जपानने जर्मनी आणि स्पेन या दोघांना चकित केले. मोरोक्को उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी देश ठरला. फ्रान्सच्या स्तेफनी फ्रापार यांनी कोस्टारिका-जर्मनी सामन्यात मुख्य पंचाची भूमिका बजावली. पुरुषांच्या विश्वचषकात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, हाही तेव्हाचा विक्रमच.

१८ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना आणि फ्रान्स १२० मिनिटांनंतर ३-३ असे बरोबरीत होते. किलियन एमबापेने तीन गोल केले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात १९६६ नंतर प्रथमच अशी कामगिरी झाली. शूटआउटमध्ये अर्जेंटिनाने ४-२ अशी बाजी मारून १९७८ आणि १९८६ नंतर तिसरा विश्वचषक जिंकला. एमबापे आठ गोलांसह सर्वाधिक गोल करणारा, तर मेस्सी सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२९ डिसेंबरला साओ पाउलो येथे वयाच्या ८२ व्या वर्षी पेले यांचे निधन झाले. तीन विश्वचषक जिंकणारे ते एकमेव फुटबॉलपटू होते. १९७७ मध्ये कॉसमॉस संघाकडून त्यांनी कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध सामना खेळला होता. भारताने या वर्षी आपलेही काही मोहरे गमावले. सुभाष भौमिक, सुरजित सेनगुप्ता, बाबू मणी आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवणाऱ्या संघाचे कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी यांचे निधन झाले. त्याच ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आले होते.

यजमानपदापेक्षा पायाभरणी

वर्षाच्या अखेरीस महासंघाने घेतलेल्या एका निर्णयाकडे विश्वचषकाच्या धामधुमीत फारसे लक्ष गेले नाही. २०२७ च्या पुरुष आशियाई चषकाच्या यजमानपदासाठी भारत आणि सौदी अरेबिया हे दोनच दावेदार उरले होते. डिसेंबरच्या आरंभी भारताने आपला दावा मागे घेतला. मोठ्या स्पर्धा भरवण्यापेक्षा तळापासून खेळाची बांधणी करण्याला प्राधान्य देण्याची भूमिका महासंघाने मांडली. नवी मुंबई, पुणे आणि फातोर्डा येथील मैदाने जागतिक दर्जाच्या स्पर्धा पेलू शकतात, हे २०२२ ने सिद्ध केले आहे. त्या मैदानांवर उतरण्याच्या योग्यतेचा संघ घडवायचा, तर जिल्हा पातळीवर मुला-मुलींसाठी वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा हव्यात. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर तालीम संघांच्या सामन्यांना लोटणारी गर्दी किंवा गोव्यातील गावोगावची मैदाने पाहता प्रेक्षकांची वाण नाही. घेतलेला निर्णय आर्थिक तरतुदीत आणि स्पर्धांच्या वेळापत्रकात उतरतो का, यावर पुढील वर्षांचा ताळेबंद ठरेल.

२०२२ मधील प्रमुख विजेते

पुरुष विश्वचषक : अर्जेंटिना
सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक : स्पेन
महिला आशियाई चषक : चीन
महिला युरोपीय अजिंक्यपद : इंग्लंड
आफ्रिकी चषक : पुरुष – सेनेगल, महिला – दक्षिण आफ्रिका
महिला कोपा अमेरिका : ब्राझील
दक्षिण आशियाई महिला स्पर्धा : बांगलादेश
युरोपीय चॅम्पियन्स लीग : पुरुष – रियल माद्रिद, महिला – लिओं
युरोपा लीग : आइनट्राख्ट फ्रँकफर्ट
कोपा लिबर्टाडोरेस : फ्लामेंगो
इंडियन सुपर लीग : हैदराबाद
आय-लीग आणि भारतीय महिला लीग : गोकुलम केरला
संतोष करंडक : केरळ
ड्युरँड चषक : बेंगळुरू